वडील (वय ५३, सोसायटीचे गटसचिव) संगणकाला हात लावत नाहीत. कसं तयार करावं?

चैत्रपालवी

नमस्कार. प्रश्न थोडा सविस्तर लिहिते, कारण 'क्लास लावा' एवढ्यावर भागेल असं वाटत नाही.

आण्णा सांगली जिल्ह्यातल्या एका गावच्या विकास सोसायटीचे, म्हणजे शेतकऱ्यांना पीक कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचे, गटसचिव आहेत; तिचे हिशेब आणि दप्तर तेच सांभाळतात. बी.कॉम. आणि नंतर जी.डी.सी. अँड ए. (सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका) केलेलं. कीर्द (रोजच्या व्यवहारांची वही), खतावणी (खातेवार वही), तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे-जमेचा ताळा), कमाल मर्यादा पत्रक (कुणाला किती कर्ज देता येईल त्याची यादी), सगळं स्वतःच्या हाताने लिहिलेलं. अक्षर असं की ऑडिटला येणारे साहेब त्यांची खतावणी दुसऱ्या सचिवांना दाखवायला मागतात. सभासदाचं नाव घेतलं की खतावणीचं पान तोंडपाठ.

सोसायट्यांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना २०२२ च्या जूनमध्ये मंजूर झाली. देशभरातल्या ६३,००० सोसायट्या, २,५१६ कोटी रुपये. त्यात आण्णांच्या सोसायटीतही संगणक, प्रिंटर आणि अंगठ्याचं यंत्र आलं. तालुक्याला सगळ्या सचिवांना एका हॉलमध्ये बसवून प्रशिक्षण झालं. शिकवणारा मुलगा भराभर पुढे जात होता, पडद्यावर सगळं इंग्रजी, मागच्या रांगेत काही दिसत नव्हतं. आण्णा घरी आले आणि वही मिटवून ठेवली, ती आजतागायत.

आता गावातला एक मुलगा संध्याकाळी येऊन आण्णांच्या पासवर्डने नोंदी मारतो. आण्णा कीर्द हाताने लिहितात, तो बघून टाइप करतो. मला याचीच जास्त काळजी आहे.

फोन त्यांना उत्तम येतो. व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय, विजेचं बिल, सगळं. संगणकाचं नाव काढलं की 'आमचं झालं आता, चार-पाच वर्षं राहिली, निघतील कशीतरी' म्हणतात. भाऊ शिकवायला बसला होता, पण तो दोन मिनिटांत माउस स्वतःकडे ओढून घेतो. आई म्हणते, मागे लागू नकोस. मी पुण्यात असते, महिन्यातून एकदा जाणं होतं. कुणी आपल्या घरच्यांना या वयात शिकवलं असेल तर कृपया सांगा.

---

सह्याद्रीवारा

सरळ एमएस-सीआयटीला नाव घाला. २००१ पासून चालू आहे, प्रत्येक तालुक्याच्या गावी केंद्र आहे, शिकवणं मराठीतून असतं. माझ्या मामांनी खात्याने सक्ती केल्यावर ४८ व्या वर्षी केलं. आधी खूप कुरकूर केली, परीक्षा पास झाल्यावर सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं. परीक्षेची तारीख समोर असली की माणूस बसतो. घरी शिकवण्यात वेळ घालवू नका.

---

खडूफळा

सह्याद्रीवारा यांचं निम्मं पटतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. २०१५ ला सरल आलं, मुलांची सगळी माहिती ऑनलाइन भरायची, तेव्हा आमच्या केंद्रातल्या कितीतरी शिक्षकांनी एमएस-सीआयटी आधीच केलेलं होतं. सर्टिफिकेट कपाटात आणि फॉर्म भरायला सायबर कॅफेत रांग, अशी परिस्थिती. कोर्समध्ये सगळं थोडं थोडं येतं. पण उद्या सकाळी जे करायचं आहे ते त्यात नसेल तर हात बसत नाही.

शिवाय बॅचमध्ये बाजूला बारावीची मुलं असतात. गावातल्या सचिवाला, ज्याला सगळं गाव 'भाऊसाहेब' म्हणतं, त्याला आपल्याच सभासदाच्या मुलासमोर अडखळायला किती जड जात असेल याचा विचार करा.

---

सातची_बॅच

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले. मी तालुक्याच्या गावी संगणकाचा क्लास चालवते. संध्याकाळची सातची बॅच चाळिशीच्या पुढच्यांसाठीच राखून ठेवली आहे. अंगणवाडीच्या ताई, दूध संघातले लोक, पतसंस्थांचे कारकून, औषध दुकानदार येतात. सोसायट्यांचे सचिवही गेल्या काही वर्षांत यायला लागले आहेत.

आधी एक सांगते. तुमचे वडील हट्टी नाहीत. दप्तर लिहिणाऱ्या माणसाला उमेदवारीच्या पहिल्या महिन्यात शिकवलेलं असतं की खाडाखोड चालणार नाही. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, शेजारी सही. खालचा चुकीचा आकडाही वाचता आला पाहिजे. ज्यांनी हा नियम आयुष्यभर पाळला, त्यांना आपण अशा यंत्रासमोर बसवतो जिथे एक कळ दाबली की आकडा जातो आणि मागे डागही उरत नाही. त्यांना हे धोक्याचं वाटणारच. माझ्या मते वाटलंच पाहिजे. ही भीती त्यांच्या कामातल्या सचोटीतून आलेली आहे, आणि शिकवणाऱ्याने तिचा मान ठेवला नाही तर पुढचं सगळं फुकट जातं.

म्हणून माझ्याकडे हिशेबातला माणूस आला की पहिल्या दिवशी मी टायपिंग घेत नाही. टॅली प्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग म्हणून सोय आहे, ती उघडते. एक व्हाउचर त्यांच्यासमोर टाकते, रक्कम बदलते आणि मग लॉग दाखवते: आधी किती होती, नंतर किती झाली, कोणी बदलली, कधी बदलली. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून असा माग ठेवणारंच सॉफ्टवेअर वापरायची कायद्याने सक्ती आहे. हे बघितल्यावर माणसं खुर्ची पुढे घेतात. रेघ मारून सही करण्याचीच ही पद्धत आहे हे त्यांचं त्यांना कळतं, मला समजावून सांगावं लागत नाही.

यातूनच तुमच्या त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. वडिलांना एकच विचारा: कोऱ्या व्हाउचरवर सही करून तुम्ही ती त्या मुलाच्या हातात द्याल का? पासवर्ड दिला म्हणजे तेच झालं. उद्या एखाद्या सभासदाच्या कर्जखात्यात एक शून्य जास्त पडलं तर नोंदीवर नाव तुमच्या आण्णांचं असणार, मुलाचं नाही. मुलगा प्रामाणिक असेलही, पण जबाबदारी हस्तांतरित होत नाही. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच सचिवांना शिकायचं खरं कारण इथे सापडलं. 'जग पुढे चाललंय', 'लहान मुलांनाही येतं' असलं काही त्यांना कृपया सांगू नका. ते त्यांनी शंभरदा ऐकलेलं असतं आणि त्यात अपमान असतो.

आता हात आणि डोळे. याकडे कुणी बघत नाही म्हणून जरा लांबवते.

आण्णांना चष्मा असेल, बहुतेक दुहेरी भिंगाचा. त्यात जवळचं बघायचं भिंग खालच्या बाजूला असतं आणि ते हातातल्या वहीच्या अंतरासाठी दिलेलं असतं. संगणकाचा पडदा त्याहून लांब आणि डोळ्यांच्या समोर. मग माणूस हनुवटी वर करून, मान मागे टाकून बघतो. पाऊण तासात मान भरून येते, डोकं चढतं आणि तो म्हणतो, हे आपल्याला झेपत नाही. सोसायटीत मॉनिटर सीपीयूच्या खोक्यावर चढवून ठेवलाय का ते बघा. बहुतेक ठिकाणी असतो. तो खाली टेबलावर उतरवा. चष्म्याच्या दुकानात बसण्याच्या जागेपासून पडद्याचं अंतर मोजून सांगा, त्या अंतराचा वेगळा चष्मा करून मिळतो. पडद्याचं स्केल १२५ टक्के करा, माउसचा बाण मोठा करा, डबल क्लिकचा वेग कमी करा. एवढं केलं की निम्म्या लोकांची तक्रार पहिल्याच आठवड्यात थांबते.

दुसरं, स्वल्पविराम. माझ्याकडे एक सचिव आले होते. एक्सेलमध्ये त्यांनी स्वतः टाकलेल्या आकड्यांची बेरीज आली ती अशी: 1,250,000. ते बराच वेळ त्याकडे बघत राहिले. बोटाने पडद्यावर मागून एकं, दहं, शतं मोजलं, परत मोजलं आणि म्हणाले, मॅडम, हे आमचं नाही. मी विंडोजच्या सेटिंगमध्ये रीजनल फॉरमॅट 'इंग्लिश (इंडिया)' केला. तीच रक्कम झाली 12,50,000. तेव्हा त्यांनी खिशातून डायरी काढली, तोंडी बेरीज करत करत खाली आले, साडेबारा लाखच निघाले. मग स्वतःहून मधली एक रक्कम बदलून पाहिली. खालची बेरीज आपोआप बदलली, तीही त्यांनी तोंडी ताडून बघितली. त्या दिवशी बॅच संपली तरी ते उठले नाहीत. ही सेटिंग दोन मिनिटांचं काम आहे, पण कितीतरी कार्यालयांत संगणक अमेरिकन पद्धतीवर तसाच पडलेला असतो. त्यात तारखेचाही घोळ होतो, ५ एप्रिल आहे की ४ मे हे कळत नाही. सचिवाच्या कामात तारीख चुकली म्हणजे व्याज चुकलं.

कीबोर्डवर सुरुवात उजवीकडच्या आकड्यांपासून करा. पाचच्या कळीवर छोटा उंचवटा असतो, मधलं बोट तिथे ठेवायचं. आकडे ज्यांच्या हातातले आहेत ते ही बाजू फार लवकर उचलतात, आणि सोसायटीचं बरंचसं काम आकड्यांचंच आहे. अक्षरं नंतर आली तरी चालतात.

सरावाला खोटी उदाहरणं नकोत. 'रमेशने दहा आंबे घेतले' असलं काही नको. त्यांची स्वतःची मागच्या वर्षीची तेरीज घ्या. एका रकान्यात खातं, मग नावे, मग जमा. दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. उत्तर त्यांना आधीच माहीत असतं, त्यामुळे संगणक बरोबर चाललाय की नाही हे तेच ठरवतात. शिकण्याच्या सुरुवातीला ही जागा त्यांच्याकडे राहणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

माउस मात्र हाताला बसायला वेळ लागतो. फोनवर बोट थेट चित्रावर असतं, इथे हात टेबलावर आणि नजर पडद्यावर. पत्त्यांचा सॉलिटेअर खेळ लावून द्या, १९९० पासून विंडोजबरोबर लोकांनी पान धरून ओढणं त्यावरच शिकलं आहे. पण ऑफिसात नको, घरी.

आणि भावाला सांगा, शिकवताना हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. माउस ज्याच्या हातात आहे तोच शिकतो.

---

प्रवराकाठ

मी स्वतः गटसचिव. वय ५५. नगर जिल्हा. वरच्या मॅडमनी डोळ्यांचं आणि स्वल्पविरामाचं लिहिलंय ते अगदी खरं आहे. पण एक गोष्ट राहिली, ती आमच्यातला माणूसच सांगेल.

ताई, तुमचे वडील शिकत नाहीत यात वेळेचा भाग किती आहे ते आधी बघा. सचिवांच्या जागा रिकाम्या असल्यामुळे आमच्यातल्या बऱ्याच जणांकडे दोन-दोन, तीन-तीन सोसायट्यांचा चार्ज आहे. सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या. संगणक आल्यावर काही दिवस कीर्द हातानेही लिहायची आणि मशीनवरही भरायची. जुन्या बाक्या भरताना एकेका सभासदाचं खातं हातच्या खतावणीशी ताडायचं. हे काम आम्हालाच करावं लागतं, कारण तीस वर्षांपूर्वीच्या वारस नोंदी आमच्याच डोक्यात आहेत. पूर्ण दिवसाचं काम करून वर हे शिका म्हटलं तर माणूस नाही म्हणणारच.

आम्ही काय केलं ते सांगतो. आजूबाजूच्या गावांतले पाच सचिव, सगळे पन्नाशीच्या आसपासचे. चेअरमन आणि संचालकांशी बोलून आठवड्यातली एक दुपार सभासदांसाठी बंद ठेवली, तसा ठराव घेतला. त्या दुपारी एकाच सोसायटीत पाचही जण जमायचो. आमच्यातल्या एकाला जरा जास्त येत होतं, तो सांगायचा. चूक झाली तर कुणाला लाजायचं कारण नव्हतं, सगळ्यांची तीच चूक व्हायची. तुमच्या वडिलांनी ज्यांच्याबरोबर जिल्हा बँकेत चकरा मारल्या, ज्यांच्याबरोबर एकाच ऑडिटला बसले, अशा दोघा-तिघांना फोन लावा. मुलगा किंवा मुलगी शिकवते तेव्हा आम्ही बाप असतो. जोडीदार शिकवतो तेव्हा आम्ही सचिव असतो.

दुसरं म्हणजे हंगाम पाळा. मार्चअखेर वसुली, एप्रिलपासून नव्या पीक कर्जाचं वाटप, पेरणी होईपर्यंत मान वर करायला फुरसत नाही. त्या काळात विषयसुद्धा काढू नका. गौरी-गणपती झाले की सुरू करा, डिसेंबरपर्यंत निवांत वेळ मिळतो.

आणि पडद्याची दिशा बदला. आमच्याकडे टेबल दरवाज्याकडे तोंड करून होतं, संगणक बाजूला, आणि पावतीला आलेले सभासद मागे उभे राहून पडद्यात बघायचे. एका बोटाने कळ शोधताना दहा जणं बघत असली की हात थरथरतो. फोन माणूस खिशातून काढून एकटा बघतो, म्हणून तो सगळ्यांना येतो. मी टेबल भिंतीला फिरवलं.

मला गोडी कशाने लागली तेही सांगतो. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं की व्याज सवलत मिळते. त्याचा प्रस्ताव सोसायटीने करायचा, सभासदवार, उचल तारीख, भरणा तारीख, दिवस, रक्कम, व्याज. हाताने करताना आम्ही रात्री-रात्री जागायचो, आणि एका सभासदाचे दिवस चुकले तर त्या घरची सवलत अडकायची. शेतकऱ्याचे पैसे आमच्या आकडेमोडीपायी अडकलेले बघवत नाहीत हो. आता ते पत्रक मशीन काढतं, मी ताडतो. तुमच्या वडिलांना बाकी काही दाखवू नका, हे एक पत्रक दाखवा.

---

चैत्रपालवी

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रवराकाठ काका, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आण्णांकडे दोन सोसायट्यांचा चार्ज आहे आणि मी लिहिताना ते लिहिलंसुद्धा नाही, कारण आम्हाला घरी ते इतकं सवयीचं झालंय.

काल रात्री फोनवर बोलले. सातची_बॅच ताईंचं कोऱ्या व्हाउचरचं वाक्य जसंच्या तसं विचारलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, पासवर्ड बदलायचा कसा ते बघून सांग. शेजारच्या गावच्या सचिवांना, ज्यांना मी लहानपणापासून तात्या म्हणते, त्यांनाही फोन केला. त्यांची अडचण सेम आहे, ते तयार आहेत.

एक विचारायचं राहिलं. आण्णांना मराठी टायपिंगची धास्ती आहे. जुन्या टाइपरायटरवर ते कधी शिकले नाहीत. बोलून टाइप होतं ते बरं, की इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटतं ते, की इनस्क्रिप्ट, म्हणजे कळींवर थेट मराठी अक्षरं असलेला कीबोर्ड?

---

सातची_बॅच

पासवर्ड बदलणार म्हणाले, म्हणजे सुरुवात झाली. तो त्यांच्याच हाताने बदलू दे, तुम्ही फोनवरून फक्त सांगा. आणि तो खतावणीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवणार नाहीत एवढं बघा, माझ्या बॅचमध्ये जवळपास सगळे तिथेच लिहितात.

टायपिंगचं माझं मत स्पष्ट आहे: इनस्क्रिप्ट. इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहिणं तरुण मुलांना सोपं जातं कारण त्यांना इंग्रजी कीबोर्ड आधीच पाठ असतो. आण्णांना तो पाठ नाही, म्हणजे दोनदा शोधाशोध. नाव 'शिंदे' आहे की 'शिंदें' हे आधी इंग्रजीत ठरवायचं आणि मग मराठीत तपासायचं, हा ताप कशाला? बोलून टाइप करणं घरी पत्र लिहायला छान आहे, पण सोसायटीत चार माणसं बोलत असताना आणि कुणाची थकबाकी मोठ्याने म्हणायची नसताना ते उपयोगाचं नाही.

इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. के च्या कळीवर क, शिफ्ट धरून तीच दाबली की ख. आयवर ग, शिफ्टने घ. ज्यांची बाराखडी पक्की आहे त्यांना यात क्रम दिसतो. काना ई च्या कळीवर आहे, म्हणून पहिले शब्द मी 'काका' आणि 'बाबा' देते. एक उजवा हात, एक डावा हात, आलटून पालटून, लगेच जमतं. जोडाक्षरासाठी पाय मोडायचा तो डीवर. कळींवर चिकटवायचे मराठी स्टिकर स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, ते आणा.

विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की 'मराठी' नावाने जो कीबोर्ड येतो तो इनस्क्रिप्टच असतो. २०१९ च्या अपडेटपासून शेजारी 'मराठी फोनेटिक' पण दिसतो, तो निवडू नका. जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे श्रीलिपी वगैरेमध्ये, कुणी टाइप करून दिलेली यादी असेल तर ती दुसऱ्या संगणकावर वाचता येत नाही, त्यामुळे नवीन काहीही युनिकोडमध्येच (कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत) करायचं हे त्यांना आणि तात्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. रोजच्या तपशिलात येणारे शब्द दहा-पंधराच असतात: पीक कर्ज वसूल, खत विक्री, भाग भांडवल, व्याज जमा. तेवढेच आधी हातात बसवा. सभासदांची नावं प्रणालीत एकदा भरली की पुन्हा टाइप करावी लागत नाहीत.

---

प्रवराकाठ

आण्णांना आणि तात्यांना माझा नमस्कार सांगा. आमच्या पाच जणांच्या दुपारचा ठराव कसा लिहिला होता त्याची प्रत हवी असेल तर निरोप टाका. सांगली आमच्यापासून लांब आहे, पण व्हिडिओ कॉलवर एखादी दुपार आम्ही पाचही जण त्यांच्याबरोबर बसू. पहिल्या दिवशी मागच्या मार्चची तेरीज घेऊन बसा म्हणावं.